मदत हवी आहे : म्हापशात प्रॉपर्टी एजंट म्हणून सुरुवात

नमस्कार मंडळी. गोव्यातल्या बार्देश तालुक्यात जमीन-फ्लॅटच्या दलालीत उतरायचा विचार आहे. रेरा, म्हणजे घरबांधणी-विक्री व्यवहारांवर नियंत्रण ठेवणारा कायदा, २०१६ चा, त्यात एजंटलाही नोंदणी लागते, ती करणारच आहे. अडलंय कागदांपाशी. ओळखीतल्या एका प्लॉटच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर (आपल्या सातबारासारखा गोव्यातला जमिनीचा उतारा) कुळाच्या रकान्यात नाव आहे. मालक म्हणतो, "तो कधीच सोडून गेला, तू गिऱ्हाईक आण." मला काही ते पटत नाही. असं नाव कमी कसं करतात? शिवाय इथल्या नागरी कायद्याने विक्रीला नवरा-बायको दोघांची सही लागते. बायको परदेशात असेल तर मुखत्यारपत्र चालतं का? झोनिंग (जमीन कोणत्या वापरासाठी ठरवलेली आहे ते) आणि सनद (जमीन बिगरशेती वापरायची परवानगी) आधी बघायची की मालकी? कोणा अनुभवी एजंटच्या हाताखाली शिकायलाही तयार आहे, पगाराचं नंतर बघू.