खांद्यावर फिकट लाल डाग, हा राघू का पहाडी का दोन्हीचं मिक्स?

हुरडेवाला, परभणी
आमच्या ज्वारीत रोज सकाळी राघूंचा थवा उतरतो, त्यात काय नवीन नाही, गोफण फिरवून फिरवून खांदा गेला माझा. पण चार दिवस झाले त्यात एक वेगळाच दिसायलाय. बाकीच्यांपेक्षा थोराड, खांद्यावर लाल डाग हाय पण धुऊन निघाल्यावाणी फिकट, अन गळ्याला कंठ नाही. भाचा म्हणतो मामा हे हायब्रीड हाय, मोबाईलवर बघितलंय त्यानं. रानात असं होतं का खरंच? फोटो काढला पण नुसता हिरवा ठिपका आलाय.

पाखरू_नांदेड
दादा, डाग फिकट म्हणून लगेच हायब्रीड म्हणू नका, पहिल्यांदा सगळे तिथंच फसतात, मी बी फसलो होतो. पहाडी म्हणजे करण पोपट, त्याच्या पिल्लाचा डाग फिकटच असतो अन मादीला कंठ नसतोच, नराला बी यायला दोन-तीन वर्षं लागतात. म्हणजे तुम्ही सांगितलं ते सगळं शुद्ध पहाडीत बसतंय. चोच बघा. आपल्याकडच्या राघूची वरची लाल अन खालची बहुतेक काळपट असते, पहाडीची दोन्ही लाल अन चोच केवढी तर तोंडापेक्षा मोठी वाटावी. राघू शेपटीसकट 40 सेंमीच्या आसपास, पहाडी 55 च्या पुढं जातो.

सुगरण_बीड
तोई पोपटाच्या नराला पण खांद्यावर लालसर डाग असतो हां. पण त्याचं डोकं जांभळट-लाल अन तो राघूपेक्षा लहान, शेपटीचं टोक पांढरं. तुमचा थोराड आहे म्हणता मग तो नाही.

पाखरू_नांदेड
बरोबर ताई. अन हायब्रीड होतच नाही असं नाही, पिंजऱ्यात एकत्र ठेवले की राघू-पहाडीची जोडी जमते. युरोपात जिथं सुटलेले पोपट वस्ती करून राहिलेत तिथं बी मिश्र पिल्लं दिसलीत, जर्मनीतलं तर नोंदवलेलंच आहे. तिथं पहाडी थोडे अन राघू ढीगभर, मग मिळेल त्याच्याशी संसार. आपल्याकडं दोघं पिढ्यानपिढ्या एकाच झाडावर बसतात तरी सहसा मिसळत नाहीत. मिश्र असला तर आकार, चोच, डाग सगळंच मधलं मधलं दिसेल, एकट्या डागावर ठरवता येत नाही. अन आवाज ऐका. राघू कर्कश किंचाळतो, पहाडीचा आवाज जाड, घोगरा.

गल्लीतला_वाचक
एक राहिलं, कुणाच्या पिंजऱ्यातून सुटलेला नाही ना? शेपटी झिजलेली, पंख कापलेले, माणूस जवळ गेला तरी उडत नाही, असं काय दिसलं तर तसा असतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं देशी पोपट पाळायला बंदी आहे तरी घरोघरी दिसतातच.

हुरडेवाला, परभणी
आज शेजाऱ्याची दुर्बीण आणली. एकाच धांड्यावर राघू अन हा शेजारी शेजारी बसले, लई सोपं झालं. राघू दाणा दाणा सोलून खात होता अन ह्यानं चोचीत धरून कणीसच मोडलं. दोन्ही चोची लाल, आवाज घोगरा, शेपटी धड, माझी चाहूल लागली की सगळ्यात आधी हाच उडाला. भाच्याला सांगितलं, बाबा ही पहाडी मादी नाहीतर पिल्लू, तर त्यानं तोंड वाकडं केलं. गोफण मात्र आज मारली नाही, म्हणून थव्यानं निम्मा तास आरामात खाल्लं अन घरून बोलणी मला बसली.