नेन सुटलं म्हणून मतही सुटावं का?

लाटांकाठची: नुनात्सिआवुत हा कॅनडाच्या लॅब्राडोर किनाऱ्यावरचा, इनुइट या आदिवासी समाजाचा स्वशासित प्रदेश. कॅनडात इतरत्र राहणाऱ्या इनुइटांसाठी तिथल्या विधानसभेत 'कॅनडा' नावाचा मतदारसंघ आहे. त्यावर काल इथे एकानं लिहिलं, "गाव सोडून शहरात सुखानं राहणाऱ्या इनुइटांना नुनात्सिआवुतच्या विधानसभेत दोन जागा कशाला? जे तिथे थंडी काढतात त्यांनीच ठरवावं." तो 'सुखानं' रात्रभर खुपला. मी सेंट जॉन्स शहरात नऊ वर्षं राहते. शेजारच्या आजी नुनात्सिआवुतमधल्या नेन गावच्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. नेनमध्ये साधा दवाखाना आणि बाहेर पडायला रस्ता नाही. विमान, नाहीतर उन्हाळ्यात जहाज. आजींनी गाव सोडलेलं नाही, त्या इथे अडकल्यात. 2005 चा जमीन करार अख्ख्या लॅब्राडोर इनुइट समाजाशी झाला, त्यातून त्यांना कसं वगळणार? 'कॅनडा' मतदारसंघातून उभं राहणाऱ्याचं मला कौतुक वाटतं. मतदार हॅलिफॅक्सपासून व्हँकुव्हरपर्यंत विखुरलेले, प्रचाराला कुणाच्या दारात जायचं?

बर्फवाट: कालचं मीच लिहिलं, मागे घेत नाही. किनाऱ्यावरच्या एका गावात दोन वर्षं शिकवलंय. एका घरात तीन-तीन कुटुंबं पाहिलीत. व्हॉइझीज बेच्या खाणीतल्या निकेलची जहाजं हिवाळ्यात ज्या बर्फातून जातात, त्याच बर्फावरून तिथली माणसं शिकारीला जातात. टोरंटोत बसलेल्याचा प्रतिनिधी त्यावर हात वर करणार? नुनावुत या कॅनडातल्याच दुसऱ्या इनुइटबहुल प्रदेशात मताला वर्षभराचं वास्तव्य लागतं. ग्रीनलंडमध्येही तिथे राहावं लागतं. ते अन्याय करतात का?

गूसबेची परिचारिका: तुलना चुकतेय. नुनावुतचं सरकार तिथल्या सगळ्या रहिवाशांचं, मग तो इनुइट असो वा नसो. नुनात्सिआवुतचं सरकार इनुइटांचं. तिथे पत्ता दुय्यम.

डेन्मार्कहून: ग्रीनलंड निघालंच आहे तर ऐका. इथे सुमारे 17,000 ग्रीनलंडवासी राहतात. डॅनिश संसदेत ग्रीनलंडच्या 2 जागा आहेत, पण त्या ग्रीनलंडमधलेच निवडतात. इथल्यांची मतं डॅनिश मतदारसंघांत हरवतात. इथल्या यंत्रणेनं परक्या भाषेतल्या, परक्या संस्कृतीच्या पालकत्वाच्या चाचण्या लावून ग्रीनलंडच्या आयांना नापास केलं, मुलं नेली. त्या आयांचा खासदार कोण?

बर्फवाट: तो प्रश्न डॅनिश संसदेत लावून धरला खासदार आया केमनिट्झ यांनी, आणि त्या ग्रीनलंडमधूनच निवडून आल्या होत्या. 2025 मध्ये त्या चाचण्या ग्रीनलंडच्या कुटुंबांसाठी बंदही झाल्या. वेगळी जागा लागली नाही.

डेन्मार्कहून: बरं, हे मान्य. पण तोवर गेलेली मुलं?

सयाजीबाग: माझ्या मते खरी अडचण भाषेची. शहरात वाढलेला उमेदवार इनुत्तितुत या लॅब्राडोरच्या इनुइट भाषेत दोन वाक्यं बोलू शकत नाही आणि समाजाच्या वतीनं बोलणार? आम्ही बडोद्यात तीन पिढ्या घरात मराठी टिकवली. इच्छा असली की होतं.

गूसबेची परिचारिका: बडोद्याची मराठी कुणी वसतिगृहात कोंडून मोडली नव्हती! माझ्याकडे येणाऱ्या एका आजोबांना शाळेत इनुत्तितुत बोलल्याबद्दल मार बसला. नॉर्थ वेस्ट रिव्हर, कार्टराइट, मक्कोविक, नेन, सगळीकडे अशा वसतिगृहाच्या शाळा होत्या. या शाळांबद्दल कॅनडा सरकारनं 2008 मध्ये मागितलेल्या माफीत लॅब्राडोरला वगळलं. पंतप्रधान गूस बेला येऊन माफी मागेपर्यंत 2017 उजाडलं. आजोबा मुलांशी इंग्रजीच बोलले, भीतीनं. त्या मुलांना तुम्ही इच्छाशक्ती शिकवताय?

सयाजीबाग: चढ्या आवाजात बोलायचं कारण नाही. मी कुणाचा अपमान केला नाही.

गूसबेची परिचारिका: केलात.

सयाजीबाग: शाळांचं मला ठाऊक नव्हतं. 'इच्छा' हा शब्द परत घेतो. पण विधानसभेत ती भाषा ऐकू यायला हवी, यावर ठाम आहे.

लाटांकाठची: ते आजीही म्हणतात. भाषा त्यांच्याकडे आहे, गाव नाही.

बर्फवाट: आजींना मत असावं, एवढं मी देतो. पण जो स्वखुशीनं गेला त्याला नको.

लाटांकाठची: स्वखुशी मोजणार कोण? 1959 मध्ये लॅब्राडोरमधलं हेब्रॉन हे इनुइट गाव बंद करायचं ठरलं तेव्हा चर्चमध्ये जाहीर केलं, कारण तिथे कुणी उलट बोलणार नाही. कुटुंबं नेन, होपडेल, मक्कोविकला विखुरली. त्यांची नातवंडं आज सेंट जॉन्सला असतील, तर त्यांनी गाव सोडलं की गावच त्यांच्याकडून काढून घेतलं?

बर्फवाट: हेब्रॉनबद्दल माझ्याकडे उत्तर नाही. पण खाणीच्या जहाजांवर मतदान आलं, तर टोरंटोच्या मताचं वजन नेनएवढं नको, हे सांगत राहणार.

लाटांकाठची: सांगा. उद्या आजींचा डायलिसिसचा दिवस आहे. जाताना तुमचा हा प्रश्न त्यांनाच विचारते.