नवे ड्रेस, नवे स्कर्ट : घालून बघताना तुम्ही नेमकं काय बघता?

नवा मोसम आला की ड्रेस-स्कर्टचे कट बदलतात. मागच्या खेपेला कंबरेत आवळलेलं असतं ते यंदा सैल होतं, गुडघ्यापर्यंतचं पोटरीवर उतरतं. त्यामुळे आपलं माप पाठ असलं तरी घालून बघण्यावाचून गत्यंतर नाही. हे बघणं सगळ्यांना नीट जमावं असं मला फार मनापासून वाटतं, कारण ट्रायल रूममधून हिरमुसल्या चेहऱ्याने बाहेर येणाऱ्या बायका मी खूप पाहिल्या आहेत. ड्रेस बसला नाही की पहिला आळ अंगावर येतो. पोट सुटलंय, दंड जाड झालेत. खरं तर तो कपडा कुठल्या तरी ठरीव मापावर कापलेला असतो आणि आपलं माप त्याच्याशी एखाद्या जागी जुळलेलं नसतं, इतकंच. ती जागा ओळखता आली की दुरुस्त होण्यासारखं आहे की कपडा परत हँगरवर लावायचा, हे लगेच ठरतं.

तर आपापले अनुभव लिहा. पहिली नजर कुठे जाते? कुठली खोड अजिबात चालत नाही आणि कुठली चालवून घेता? नुसतं 'मस्त बसला' असं नको, कुठे आणि कसा बसला ते सांगा. माझ्यापासून सुरुवात करते. चेन लावल्यावर मी लगेच आरशात बघत नाही. आधी खोल श्वास घेते, दोन्ही हात पुढे करून स्वतःला मिठी मारल्यासारखे गुंफते, एक लांब टांग टाकते. कुठे रुतलं, कुठे ओढलं गेलं हे अंगाला आधी कळतं. आरसा त्यानंतर.

*

मी अल्टरेशनची कामं करते, म्हणजे घेऊन झालेले कपडे माझ्याकडे येतात. खांदे उतरलेला ड्रेस आला की वाईट वाटतं, कारण बाईला तो मनापासून आवडलेला असतो आणि माझ्या हातात फारसं काही नसतं. कंबर आत घेता येते. उंची कमी करता येते. शिवणीत माया, म्हणजे आत दाबलेला जास्तीचा कपडा, असेल तर बाजूने थोडं सैलही करून मिळतं. पण खांदा मोठा असेल तर बाही उसवायची, मुंढा (बाही जोडतात ती काखेभोवतालची गोलाई) नव्याने कापायचा, बाही पुन्हा बसवायची, अस्तर असेल तर तिथेही तेच सगळं. एवढं करून गळ्याचा आकार बिघडू शकतो तो वेगळाच. म्हणून माप निवडायचं ते खांदा आणि छातीवरून, बाकीचं नंतर बघता येतं. खांद्याचं हाड संपतं तिथे खांद्याची शिवण संपली पाहिजे. मुद्दाम उतरत्या खांद्याचा कट असेल तर गोष्ट निराळी.

मुंढ्याबद्दल एक गैरसमज सर्रास दिसतो. मुंढा मोठा असला की हात मोकळा राहतो असं वाटतं. होतं उलटंच. खोल मुंढ्याचा ड्रेस हात वर केला की कंबरेसकट वर येतो. काखेच्या जवळ बसणारा, पण न रुतणारा मुंढा असला तर हात हलतो आणि ड्रेस जागच्या जागी राहतो. बसमध्ये, गाडीत वर दांडी धरतो तसा हात वर करून बघा, लगेच समजेल.

आणि चुण्या वाचायला शिका, हे माझं सगळ्यांना सांगणं आहे. ताणलेली आडवी चुणी जिथे पडते तिथे कपडा तंग आहे. सैल, लोंबती उभी चुणी असेल तर तिथे कपडा जास्त आहे. तिरकी चुणी ज्या जागेकडे बोट दाखवते, बहुतेक वेळा तिथेच कपड्याला काहीतरी कमी पडतंय. छातीचा टक्स, म्हणजे आकार देण्यासाठी शिवलेली निमुळती घडी, उभाराच्या टोकाकडे रोखलेला असावा आणि टोकाच्या दोनेक सेंटिमीटर आधीच संपावा. तो टोकापर्यंत किंवा पलीकडे गेला तर तिथे टोकदार फुगा दिसतो, इस्त्रीने तो जात नाही. टक्स सरकवता येतो, पण तयार कपड्यात त्यासाठी लागणारी माया क्वचितच असते. त्यामुळे घेण्याआधी ड्रेस उलटा करून बाजूच्या शिवणी बघा. आत जेमतेम अर्धा सेंटिमीटर कपडा असेल तर 'थोडं सैल करून घेऊ' हा विचार तिथेच सोडा.

*

वरचं वाचून स्कर्टबद्दल लिहावंसं वाटलं. माझी कंबर बारीक आणि सीट, म्हणजे नितंबांचा भाग, मोठी. कंबरेच्या मापाचा सरळ स्कर्ट घातला की चार पावलांत तो वर चढतो आणि पोटापाशी त्याची वळकटी होते. सीटवर जागा नसली की कपडा अंगाच्या अरुंद भागाकडे सरकतो, त्याला दुसरा मार्गच नसतो. आता मी स्कर्ट सीटवरून निवडते. दोन्ही बाजूंना सीटपाशी चिमटीत थोडा कपडा आला पाहिजे. कंबर सैल राहते, ती मागच्या टक्समधून किंवा पट्टीतून आत घेते. इलॅस्टिकच्या नेफ्याचे स्कर्ट यंदा बरेच दिसतायत, त्यांत हा प्रश्न येत नाही. पण नेफ्याच्या चुण्या सीटवर फुगतात का ते बघा.

आणखी एक बघते ते बाजूची शिवण. मैत्रिणीला बाजूने फोटो काढायला सांगायचा. शिवण कंबरेपासून खाली सरळ ओळंब्यात हवी. खाली जाताना ती पुढे ओढली गेली असेल तर पुढे पोटाला कपडा कमी पडतोय, मागे वळली असेल तर सीटला. बाजूचे खिसे तोंड वासून उभे राहिले तरी अर्थ तोच, सीट तंग आहे. खिसे शिवून बंद करण्याचा सल्ला मला अनेकदा मिळालाय. त्याने फक्त खूण लपते.

नव्या स्कर्टच्या स्लिटवर बऱ्याचदा दोऱ्याची एक फुली असते. तो कच्चा टाका असतो, वाहतुकीत स्लिट उघडू नये म्हणून घातलेला. घरी आणल्यावर तो कापायचाच असतो. घालून बघताना तो तसाच असतो, त्यामुळे पाऊल अडलं तर आधी ही फुली बघा, स्कर्टला दोष नंतर द्या.

*

बसून बघा. एवढंच. उभ्याने सुरेख दिसणारा पेन्सिल स्कर्ट खुर्चीत बसल्यावर मांडीवर कुठवर येतो आणि कंबरेची पट्टी पोटात किती रुतते, यावर माझा होकार-नकार ठरतो. माझं काम दिवसभर बसून आहे.

*

बसण्याचा विषय निघालाच आहे तर लिहिते. मी व्हीलचेअर वापरते. कपडे उभ्या अंगासाठी कापलेले असतात, आणि मी त्यांत उभी राहणारच नसते. बसल्यावर पोटापाशी पुढचा कपडा जास्त होतो, त्याचा गठ्ठा मांडीवर येतो. मागे मात्र कपडा कमी पडतो आणि कंबरेची पट्टी खाली खेचली जाते. त्यामुळे मी मागची बाजू उंच आणि पुढची थोडी खाली असलेला नेफा शोधते, किंवा छातीखाली शिवण असलेला ड्रेस, ज्याचा घेर तिथूनच सुटतो. लांबी बसूनच ठरवायची. उभ्याने घोट्यापर्यंत येणारा स्कर्ट बसल्यावर वर सरकून पोटरीवर येतो, म्हणजे माझ्यासाठी तो योग्य लांबीचा असू शकतो. घेर फार असेल तर कडा चाकाजवळ जातात, ते धोक्याचं. रॅप स्कर्टची वरची पाती एका बाजूला घसरते, आतून एक हूक लावल्यावर ती टिकते.

मागे बटणं, जाड चेन किंवा खिशाच्या दुहेरी शिवणी असलेला कपडा मी हातातही घेत नाही. तासन्‌तास त्यावर दाब येतो आणि त्वचेला इजा होऊ शकते. इतरांना नजरेआड जाणारी ही बाब माझ्यासाठी पहिली आहे. शक्य तिथे मी बाजूच्या चेनचे ड्रेस निवडते.

*

मी बुटकी आहे, आणि 'लांबी कमी करून घे' हे वाक्य मला पुरेसं वाटत नाही. ड्रेसची कंबर माझ्या कंबरेच्या खाली येते, म्हणजे घेर चुकीच्या जागी सुरू होतो, गुडघ्याजवळचा आकार पोटरीवर जातो. खालून कापलं तरी वरचं जागेवर येत नाही. म्हणून मी आधी कंबरेची शिवण बघते, लांबी सगळ्यात शेवटी. ए-लाइनला खालून जास्त कापलं तर घेराचा सगळ्यात रुंद भागच जातो आणि ज्यासाठी घेतला तो आकारच उरत नाही. फ्रेंच फॅशन डिझायनर क्रिस्तियाँ दियोर यांनी 1955 च्या वसंत संग्रहाला हे नाव दिलं ते खाली रुंदावत जाणाऱ्या ए अक्षराच्या आकारावरून. खालची रुंदी गेली की उरतो तो नुसता सरळ स्कर्ट.

*

सॅटिनचे स्लिप ड्रेस पुन्हा आलेत म्हणून बायस कटबद्दल. कपडा उभ्या-आडव्या धाग्याला 45 अंशांत तिरका ठेवून कापला की तो ताणतो आणि अंगावरून ओघळतो. फ्रेंच डिझायनर मादलेन व्हिओने यांनी 1920 च्या दशकात या कटातून जे उभं केलं त्याला आजही तोड नाही असं माझं मत आहे. असा ड्रेस घालून बघताना नेहमीचे नियम थोडे बाजूला ठेवायचे. अंगाला लागतोय म्हणून एकदम मोठं माप घेतलं तर तो ओघळत नाही, ढगळ दिसतो. बघायचं ते असं: कपडा पोटावरून आणि सीटवरून विनाअडथळा खाली उतरतो का, बाजूची शिवण नागमोडी होते का, चालल्यावर ड्रेस अंगाभोवती फिरतो का. फिरत असेल तर कापताना धागा चुकलाय आणि त्यावर इलाज नाही. असा कपडा लटकून लांब होतो, घेरदार स्कर्टचंही तेच. म्हणून शिवणारे तो निदान रात्रभर टांगून ठेवतात आणि मगच खालची दुमड घालतात. दुमड आधीच घातलेली असेल तर काही दिवसांत कडा खालीवर होतात. दुकानातच खालची कड जमिनीला समांतर आहे का ते बघावं, आणि घरी घडी घालून ठेवावा.

*

मोठा नंबर लागला म्हणून रडकुंडीला आलेल्या सगळ्यांसाठी. या नंबरांमागे कसला एकसमान नियम उरलेला नाही. अमेरिकेत 1939-40 मध्ये सुमारे 15,000 स्त्रियांची मापं घेतली गेली, त्यांच्या आधारे 1958 मध्ये मापांचं प्रमाण जाहीर झालं आणि 1983 मध्ये ते मागेही घेतलं गेलं. आता जो तो आपापला तक्ता वापरतो. मी नंबर बघायचं सोडून टेप वापरते. आवडता, नीट बसणारा ड्रेस सपाट पसरून काखेखालची रुंदी मोजायची. 48 आली तर घेर 96 सेंटिमीटर. न ताणणाऱ्या कापडाच्या अंगासरशी ड्रेसमध्ये छातीच्या मापापेक्षा पाच-सात सेंटिमीटर जास्त हवेत, नाहीतर श्वास घेताना चेन ताणते. इलास्टेन (ताणणारा धागा) असलेलं कापड बोटांत ताणून सोडायचं. ते पूर्ववत झालं नाही तर गुडघ्यांपाशी आणि सीटवर ते लवकरच सैल पडून फुगणार. व्हिस्कोस धुतल्यावर आटतं, तेव्हा लांबीला जेमतेम असलेला ड्रेस नको.

*

हे सगळं वाचून मला माझ्या लेकीबरोबरची खरेदी आठवली. तिचं वय अंगाबद्दल फार हळवं आहे. ट्रायल रूमच्या दाराशी उभी राहून मी एक गोष्ट कटाक्षाने पाळते: वाक्याचा कर्ता कपडा. 'तुझी मांडी' नाही, 'हा स्कर्ट इथे तंग कापलाय.' 'तुझे खांदे रुंद' नाही, 'ह्याचा खांदा आखूड आहे.' पहिल्यांदा तिने माझ्याकडे जरा संशयाने बघितलं. मग एका पिवळ्या ड्रेसमध्ये ती बाहेर आली, पाठ वळवून म्हणाली, "आई, ह्याची चेन मध्येच का थांबते गं, फासळ्यांपाशी?" त्या प्रश्नात स्वतःबद्दल एक शब्द नव्हता. आम्ही शिवण चाचपली, आत माया होती, सैल करून आणला. ती तो सारखा घालते. आयांनो, मावश्यांनो, ही भाषा बदलणं आपल्या हातात आहे.

*

प्रकाश! ट्रायल रूमच्या पिवळ्या दिव्यात पांढरा स्कर्ट जाड वाटतो. कापडाच्या आत हात घालून खिडकीशी बघा. आणि ज्या अंतर्वस्त्रांवर, ज्या चपलांवर घालणार त्यांवरच बघा. टक्सची जागा आणि लांबी दोन्ही त्याने बदलतात.

*

अल्टरेशनवाल्या ताईंना एक विचारायचं आहे. प्रत्येक अंगासरशी ड्रेसला माझ्या पाठीवर, कंबरेच्या किंचित वर, आडवी घडी पडते. मोठं माप घेतलं तरी पडते.

*

ताई, दोन कारणं असू शकतात आणि ती वेगळी करणं सोपं आहे. घडी पडली असताना सीटपाशी बाजूचा कपडा चिमटीत धरून बघा. चिमटीत येत नसेल तर सीट तंग आहे, कपडा वर सरकून तिथे साचतोय. त्याला सीटमध्ये जागा हवी. सहज येत असेल तर ड्रेसची पाठ तुमच्या पाठीपेक्षा लांब आहे. मग मोठं माप घेऊन घडी वाढेलच, कारण पाठ आणखी लांब होते. कंबरेवर शिवण असलेला ड्रेस निवडा. ती शिवण मागे मधोमध उसवून वरच्या भागातला जास्तीचा कपडा काढता येतो, बाजूंकडे जाताना शून्यावर आणायचा. जितकी घडी तितका कपडा, टाचणीने लावून आधी बसून बघायचं. खांद्यापासून खालपर्यंत सलग कापलेल्या ड्रेसमध्ये हे करता येत नाही, तो तुमच्यासाठी नको.