आरजीडी कोटिंगवर सेल्स चिकटतात, पण सातव्या दिवशी फरक शून्य. चुकतंय कुठे?

चकतीवाली:
डेंटल करून आता पीएचडीत अडकलेय. १० मिमीच्या टायटॅनियम डिस्क, सिलेन (पेप्टाइड धातूला बांधणारा थर) लावून त्यावर आरजीडी पेप्टाइड, म्हणजे आर, जी, डी या तीन अमिनो आम्लांचा, सेल्सना पकड देणारा तुकडा. सेल्स एमसी३टी३, म्हणजे उंदराच्या कवटीच्या, हाड बनवणाऱ्या. २४ वेलची (खळग्यांची) प्लेट, मीडियात १० टक्के सीरम. चार तासांनी धुऊन, रंग देऊन डिस्कवर मोजल्या तर कोटिंगवर चांगल्याच जास्त. पण सातव्या दिवशी वेलमध्येच ट्रायटन (सेल्स फोडणारा डिटर्जंट) घालून अल्कलाइन फॉस्फेटेज, म्हणजे सेल्स हाड बनवायला लागल्याची खूण देणारं एन्झाइम, मोजलं, तर कोरी डिस्क आणि कोटिंगवाली जुळ्या बहिणी! तीनदा केलं. गाइड म्हणतात, पेप्टाइड वाढव. ते किती महाग पडतं ते मलाच ठाऊक.

खडूफळा:
वाढवू नका. नीट न बांधलेलं पेप्टाइड सुटून मीडियात आलं, तर तेच इंटिग्रिनना, म्हणजे सेल्सच्या पकडीच्या हातांना, जाऊन बसतं आणि सेल्स उलट सुटतात. शिवाय सीरममधल्या फायब्रोनेक्टिन, व्हिट्रोनेक्टिनमध्येही आरजीडी असतंच. तुमची कोरी डिस्क मीडियात पडल्या पडल्या ते अंगाला लावून घेते, मग कोरी राहिली कुठे? पहिले दोन-तीन तास सीरमशिवाय करून बघा. आणि कंट्रोल म्हणून नुसती सिलेनवाली पुरत नाही, आरजीई लावलेलीही हवी. डीच्या जागी ई, एवढाच फरक, पण सेल्स तिला विचारत नाहीत.

मिरजकर_लॅब:
सीरमचं बरोबर आहे, पण मी अडखळलो ‘वेलमध्येच ट्रायटन’वर. २४ वेलच्या एका वेलचा तळ १.९ चौ. सेंमी, तुमची डिस्क जेमतेम ०.७९. म्हणजे शंभर सेल्स ओतल्या तर साठेक आजूबाजूच्या प्लास्टिकवर. सात दिवसांत त्यांचं तिथे गोकुळ झालं असणार, आणि तुम्ही मोजताय तेच. लाइस करण्याआधी, म्हणजे सेल्स फोडण्याआधी, डिस्क उचलून नव्या वेलमध्ये ठेवा. सीडिंगला, म्हणजे सेल्स टाकताना, ५० मायक्रोलिटरचा थेंब डिस्कच्या मधोमध, पाऊण तास इन्क्युबेटरमध्ये, मग मीडिया. थेंब काठावरून सांडला की संपलं, तेवढा हात स्थिर हवा.

दाढदुखी:
मी रोज इम्प्लांट बसवतो म्हणून विचारतो: हाडात ३५ न्यूटन-सेंटिमीटरने पिळल्यावर ही साय उरते का हो? तुमच्या डिस्कला कोणी स्क्रूसारखं फिरवत नाही.

चकतीवाली:
दाढदुखी, तो प्रश्न व्हायव्हासाठी राखून ठेवा, आत्ता नको. मिरजकर, आज जुन्या प्लेटमधली एक डिस्क चिमट्याने उचलली. टायटॅनियमच्या आरपार उजेड जात नाही, म्हणून साध्या मायक्रोस्कोपखाली इतके दिवस काळा गोल आणि भोवती ‘छान वाढलेल्या’ सेल्स बघून मी खूश होत होते. भोवतीच्या म्हणजे प्लास्टिकवरच्या. डिस्क होती तिथे रिकामा गोल, बाहेर खच्चून गर्दी. फोटो काढून गाइडना पाठवला. निळी खूण आलीय, उत्तर नाही. थेंबाची प्रॅक्टिस कोऱ्या डिस्कवर सुरू केलीय, आठपैकी तीन सांडले.