काजूगराची निर्यात : छोट्या कारखान्याने आकडे कसे वाचायचे? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

वेंगुर्ल्याजवळ आमचा काजू प्रक्रियेचा छोटा कारखाना आहे. माल मुंबई-पुण्याच्या व्यापाऱ्यांकडे जातो. यंदा थोडा तरी गर परस्पर परदेशी पाठवावा असं घरात चाललंय, म्हणून वाणिज्य मंत्रालयाचे निर्यातीचे आकडे घेऊन बसले.

ढोबळ चित्र कळलं. जगाला काजूगर पुरवण्यात आपण पहिले होतो, २००६ च्या आसपास व्हिएतनाम पुढे गेला. बी दोघंही आयव्हरी कोस्ट, टांझानिया, बेनिनकडून आणतात. पण व्हिएतनामने फोडणं-सोलणं यंत्रांवर नेलं. आपल्याकडे, विशेषतः केरळातल्या कोल्लमला, ते बराच काळ बायकांच्या हातांवरच राहिलं. शिवाय आता आपल्याच देशात काजू इतका खपतो, की घरचा भाव सोडून बाहेर पाठवायला कुणी सहज तयार होत नाही. जो जातो तो मुख्यतः अमिराती, जपान, नेदरलँड्स, सौदीकडे.

माझं घोडं अडलंय ते इथून पुढे. आकड्यांत मालाच्या कोडप्रमाणे ०८०१३२२० म्हणजे अख्खा गर आणि ०८०१३२१० म्हणजे तुकडा, एवढीच विभागणी आहे. अख्ख्यात डब्ल्यू १८० (पौंडात साधारण १८० दाणे, म्हणजे मोठा दाणा) आणि डब्ल्यू ४५० (बारीक दाणा) या ग्रेड एकाच रकमेत येतात, आणि त्यांच्या भावात तर केवढा फरक! मग अमुक देशाला सरासरी दर जास्त मिळाला, तर तो देश चांगला भाव देतो म्हणायचं, की तिथे मोठा दाणा जातो म्हणायचं? आमच्याकडे वेंगुर्ला-४ आणि ७ या जातींची बी जास्त, दाणा मोठा निघतो, म्हणून हे कळणं फार गरजेचं आहे. भाजलेला-खारवलेला काजू तर २००८१९१० मध्ये वेगळाच नोंदला जातो, तोही पाहावा का?

दुसरी अडचण कंटेनरची. २५ पौंडी दोन पाकिटांचा एक खोका, असे ७०० खोके वीस फुटी कंटेनरमध्ये बसतात. म्हणजे जवळजवळ १६ टन. चार किलो बीला एक किलो गर धरला आणि त्यातला तिसरा हिस्सा एका ग्रेडचा निघाला, तर एकाच ग्रेडचा कंटेनर भरायला १९० टन बी फोडावी लागेल. एवढं भांडवल हंगामात, एप्रिल-मेमध्ये, एकरकमी बीत अडकवणं आमच्यासारख्याला झेपत नाही.

तर जाणकारांनी कृपया सांगावं :

दुबईचे घाऊक खरेदीदार मिश्र ग्रेडचा कंटेनर घेतात का? न्हावा-शेवा बंदरातून दुसऱ्यांच्या मालासोबत थोडे खोके पाठवले, तर वाटेत ओल धरण्याचा धोका कितपत? चंदगड, आजरा किंवा गोव्यातल्या कारखानदारांनी एकत्र येऊन एकाच ग्रेडचा माल भरल्याचा कुणाला अनुभव आहे का? असल्यास ग्रेडिंगची जबाबदारी कुणावर होती, आणि खरेदीदाराने माल नाकारला तर नुकसान कसं वाटून घ्यायचं ठरलं होतं?

निर्यातदार व्यापाऱ्यालाच माल द्या, असं उत्तर असेल तर तेही चालेल, फक्त कारण सांगा.