'सौम्य' म्हणजे नक्की कुणासाठी सौम्य?

पर्वतीपायथा

परवा माळा आवरताना एक वही सापडली, एप्रिल २०२१ ची. त्या महिन्यात मी घरीच विलगीकरणात असलेल्या कोविड रुग्णांना फोन करायचं काम करत होतो, स्वयंसेवक म्हणून. रोज सकाळी यादी यायची. नाव, वय, प्रभाग आणि शेवटच्या रकान्यात एक शब्द. बहुतेकांपुढे तोच शब्द असायचा, 'सौम्य'.

वहीत एका नावापुढे माझ्या अक्षरात लिहिलंय: "बोलताना मध्येच थांबतात. दम? सॅच्युरेशन ९५ सांगतात." चार दिवसांनी त्याच नावापुढे: "मुलीने उचलला. ऑक्सिजनचा बेड शोधतायत." त्यापुढची ओळ कोरी आहे. आणि त्या चौथ्या दिवशीच्या यादीतसुद्धा रकान्यात 'सौम्य'च होतं.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ७ एप्रिल २०२० ला केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने तीन पायऱ्या ठरवून दिल्या. सौम्य असेल तर कोविड केअर सेंटर, मध्यम असेल तर ऑक्सिजनची सोय असलेलं कोविड आरोग्य केंद्र, तीव्र असेल तर पूर्ण कोविड रुग्णालय. आकडेही ठरले. साध्या हवेत सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, ९४ किंवा वर आणि श्वास मिनिटाला २४ च्या आत म्हणजे सौम्य. ९० ते ९३, किंवा श्वास २४ ते ३०, म्हणजे मध्यम. ९० च्या खाली किंवा श्वास ३० च्या वर गेला की तीव्र. पुढे सौम्यवाल्यांना घरीच राहायची मुभा मिळाली.

कागदावर चोख आहे. पण हा आजार पहिल्या आठवड्यात एक असायचा आणि दुसऱ्यात भलताच. आपण मात्र चाचणीच्या दिवशी शिक्का मारला आणि रेशनकार्डासारखा वापरला. पिवळं ते पिवळं, केशरी ते केशरी. माझं मत स्पष्ट आहे: वर्गवारी रोज नव्याने करायची, नाहीतर करूच नये. अर्धवट केलेल्या वर्गवारीने माणसं निर्धास्त झाली आणि तिथेच घात झाला.

रात्रपाळी

वहीतलं वाचून गलबललं. तरीही "नाहीतर करूच नये" याला ठाम विरोध.

मी दुसऱ्या लाटेत कॅज्युअल्टीला होतो. कुठल्या रुग्णालयात ते सोडा. रात्री दोनला फाटकात चार रुग्णवाहिका आणि आत ऑक्सिजनचा एक पॉइंट मोकळा. त्या घटकेला नातेवाईकांपैकी जो मोठ्याने ओरडेल त्याला बेड द्यायचा, की ज्याचा नगरसेवक फोन करेल त्याला? वर्गवारी नसती तर हेच झालं असतं. काही ठिकाणी असूनही झालं, ते वेगळं.

आणि वर्गवारी फक्त खाटांसाठी होती हा गैरसमज आहे. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या 'रिकव्हरी' नावाच्या औषध-चाचणीचे निकाल आले. डेक्सामेथासोन, आपलं जुनं स्वस्त स्टिरॉइड. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले, ऑक्सिजनवरच्यांचे सुमारे एक पंचमांशाने. ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांना फायदा काहीच नाही, झालं तर नुकसान. म्हणजे तीच गोळी तीव्र रुग्णाचा जीव वाचवते आणि सौम्य रुग्णाचं वाटोळं करू शकते. इथे 'सौम्य' हा शब्द म्हणजे "याला स्टिरॉइड देऊ नका" अशी सूचना होती. ती न पाळता दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून घरी स्टिरॉइड घेतलेले, वर मधुमेह असलेले किती जण मे महिन्यात काळी बुरशी घेऊन आले ते ज्यांनी पाहिलं त्यांना विचारा.

मटारउसळ

डॉक्टरसाहेब, एकदम मान्य. पण पुण्याची खरी वर्गवारी तुमच्या आकड्यांवर चाललीच नव्हती. ती चालली होती "स्कोअर किती?" वर, म्हणजे छातीच्या स्कॅनच्या गुणांवर.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दहावीच्या निकालासारखं वातावरण. फुप्फुसाचे पाच खंड, प्रत्येकाला पाचपैकी गुण, बेरीज पंचवीसपैकी. "काकांना ९ आले." "आमच्या ह्यांना १४." ताप आला की तिसऱ्याच दिवशी लोक त्या एचआरसीटी स्कॅनच्या रांगेत. सरकारने दर मशीनप्रमाणे दोन ते तीन हजारांवर बांधले, तर गर्दी आणखी वाढली असा माझा संशय आहे. सोयीचा भाव बघितला की आपण रिकाम्या हाताने परत येत नाही. मग त्या चिठ्ठीवर रेमडेसिविरची शोधाशोध. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच त्या इंजेक्शनची शिफारस करत नाही म्हणून सांगितलं होतं, आणि एप्रिलमध्ये आमचा भाचा त्याच्यासाठी रात्रभर औषधाच्या दुकानासमोर उभा.

तेव्हा धागाकर्ते, शिक्का एकदाच मारला हा दोष नाही. शिक्के मारणारे चार होते आणि प्रत्येकाची शाई वेगळी.

मुळामुठा

सगळ्यांचं वाचलं. कुणीच घराबद्दल बोललं नाही याचं नवल वाटत नाही.

मी ताडीवाला रोडला लहानाची मोठी झाले, आई-आत्या अजून तिथेच आहेत. घरी विलगीकरणाची अट काय होती? रुग्णाला वेगळी खोली आणि जमल्यास वेगळं शौचालय. आमच्याकडे खोली एकच आणि शौचालय गल्लीच्या टोकाला, सार्वजनिक. पहिल्या लाटेत पालिकेची गाडी यायची आणि सौम्य रुग्णाला सेंटरमध्ये न्यायची. लोक कुरकुरले, पण गल्ली वाचली. दुसऱ्या लाटेत आत्या पॉझिटिव्ह आली तेव्हा फोनवर उत्तर मिळालं, "सौम्य आहेत, घरीच ठेवा." ठेवली. आठ दिवसांत घरातले पाचही जण पॉझिटिव्ह.

पर्वतीपायथा, तुम्ही म्हणता रोज नव्याने मोजा. कशाने? तेव्हा ऑक्सिमीटर बाजारात दुप्पट-तिप्पट भावाने मिळत होता. आमच्या गल्लीत दोन होते, ते घरोघरी फिरायचे आणि त्यांच्याबरोबर अजून काय फिरायचं ते देव जाणे. रुग्णाच्या छातीची वर्गवारी कराल तेव्हा त्याच्या घराचीही करा. कोथरूडच्या तीन खोल्यांत सौम्य आणि दहा बाय दहात सौम्य हे एकच नाही.

नाना_सदाशिव

ताई, आपली वेदना समजते. परंतु "घराची वर्गवारी" ही कल्पना या शहराने एकदा भोगलेली आहे, याचे विस्मरण नसावे. १८९७ च्या प्लेगात गोरे सोजीर घरोघर शिरले, माजघरापर्यंत गेले, संशयितांना उचलून छावण्यांत नेले. त्याचा शेवट २२ जून रोजी रँडवरील गोळीबाराने झाला. आजार एकीकडे राहिला आणि लोक रोगापेक्षा तपासनिसाला भिऊ लागले, रुग्ण लपवू लागले. सरकारच्या हाती "कुणाचे घर योग्य, कुणाचे अयोग्य" हे ठरविण्याचा अधिकार देणे मला धोक्याचे वाटते.

मुळामुठा

नाना, त्याच १८९७ मध्ये याच पुण्यात सावित्रीबाईंनी काय केलं तेही आठवा. प्लेग झालेल्या पोराला पाठीवर घेऊन हडपसरजवळच्या दवाखान्यात पोचवलं, आणि १० मार्चला स्वतः प्लेगनेच गेल्या. माणसाला घरातून काढून नेणं हा गुन्हा नसतो. कुणी नेतं, कसं नेतं आणि नेऊन कुठे ठेवतं यावर ते अवलंबून असतं. आमच्या गल्लीने सोजीर मागितला नव्हता. बालेवाडीच्या सेंटरमधली एक खाट मागितली होती.

नाना_सदाशिव

हे मान्य करावेच लागेल.

गणिती

भावना बाजूला ठेवून एक मुद्दा. तीन डबे हीच मुळात ढोबळ पद्धत. ब्रिटनमध्ये २०२० मध्येच '४सी' नावाचा, मृत्यूचा धोका मोजणारा गुणांक तयार झाला होता. वय, लिंग, इतर आजार, श्वासाची गती, सॅच्युरेशन, शुद्धीची पातळी, रक्तातला युरिया आणि सीआरपी (सूज दाखवणारं प्रथिन) अशा आठ गोष्टींचे गुण, एकूण २१. सगळ्यांना एकच मोजपट्टी लावा आणि गुणांप्रमाणे बेड द्या. वशिला संपला, वाद संपला.

मटारउसळ

वाद संपला?? त्या २१ पैकी वयाचेच सातपर्यंत गुण मिळतात ना? म्हणजे माझ्या ८२ वर्षांच्या आईला फाटकातच "बाई, तुमचे गुण भरले" म्हणून परत पाठवणार? मार्च २०२० मध्ये इटलीच्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने लिहिलं होतं की अतिदक्षता विभागात घेण्यासाठी वयाची मर्यादा घालावी लागू शकते. ते वाचून आमच्या घरात दोन दिवस कुणी धड जेवलं नव्हतं.

रात्रपाळी

दोघेही थांबा. ४सी जास्त म्हणजे दाखल झालेल्या रुग्णाचा धोका जास्त, त्याच्यावर जास्त लक्ष ठेवा. बेड नाकारायला तो बनवलेलाच नाही. आणि गणिती, युरिया-सीआरपीचा रिपोर्ट यायला वेळ लागतो. रुग्णवाहिकेतल्या माणसाला तेवढा वेळ नसतो. फाटकात लागते ती मोजपट्टी एका मिनिटात आणि शक्यतो रक्त न काढता मोजता आली पाहिजे. म्हणून श्वास आणि सॅच्युरेशन.

मटारउसळ, आईंच्या बाबतीतली भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. इटलीत ते निदान लिहून तरी ठेवलं, लोक त्यावर भांडले तरी. आपल्याकडे कुणी लिहिलं नाही. रात्री दोनला जो ड्युटीवर असेल त्याने एकट्याने ठरवायचं आणि सकाळी घरी जाऊन झोपायचा प्रयत्न करायचा.

परिचारिका_ताई

श्वासाचा विषय निघाला म्हणून लिहिते, नाहीतर मी नुसती वाचते.

आधीच्या नोकरीत मी रात्रीचे चार्ट तपासायचे. सगळ्यांपुढे श्वास किती? २०. तरुण असो, म्हातारा असो, ताप असो नसो, २०. कारण कुणी मोजतच नाही. नाडी आणि सॅच्युरेशन मशीन देतं. श्वासासाठी पूर्ण एक मिनिट रुग्णाच्या पोटाकडे बघत उभं राहावं लागतं, तेही त्याला न सांगता, कारण सांगितलं की तो श्वास बदलतो. चाळीस रुग्ण आणि दोन सिस्टर असतील तर ती चाळीस मिनिटं आणायची कुठून? म्हणून २०.

आणि त्या ९५ बद्दल. बोट गार असलं, नेलपॉलिश असलं की आकडा चुकतो. शिवाय डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी छापलं की काळ्या त्वचेच्या रुग्णांत ऑक्सिमीटर खरी घट गोऱ्यांपेक्षा सुमारे तिप्पट वेळा चुकवतो. मशीन ९२ ते ९६ दाखवतंय आणि रक्त तपासलं तर ८८ च्या खाली. आपल्याकडच्या सावळ्या बोटांवर ९४ आणि ९३ मधली रेघ किती भरवशाची, सांगा. म्हणून पर्वतीपायथा, तुमच्या वहीतली सगळ्यात कामाची नोंद "बोलताना मध्येच थांबतात" ही होती. ९५ नाही. एका दमात वाक्य पुरं न करणारा माणूस माझ्यासाठी सौम्य नाही, मशीन काहीही म्हणो.

कॅम्पातला

अवांतर, पण २००९ आठवलं. स्वाइन फ्लू. देशातला पहिला मृत्यू पुण्यातच झाला होता, १४ वर्षांची मुलगी, ३ ऑगस्ट. मग नायडू या साथरोगांच्या रुग्णालयासमोर ही भली मोठी रांग. त्या वेळी सरकारने अ, ब, क असे गट केले: साधा ताप-खोकला असेल तर 'अ', चाचणीसुद्धा नको, घरी बसा. जोखमीचा माणूस किंवा जास्त ताप असेल तर 'ब', गोळ्या घ्या. दम लागला, छातीत दुखलं, नखं निळी पडली की 'क', भरती. यात 'सौम्य' असं कुठल्या गटाचं नावच नव्हतं. 'अ' गटातल्या माणसालाही चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांनी पुन्हा बघा असं त्याच कागदावर होतं. म्हणजे धागाकर्ते जे मागतायत ते आपल्याकडे अकरा वर्षं आधी लिहिलेलं होतं.

पर्वतीपायथा

सगळ्यांना एकदम उत्तर देतो.

रात्रपाळी, "करूच नये" हे रागात लिहिलं, मागे घेतो. रोज नव्याने करावी, हे मागे घेत नाही. मुळामुठा, तुमच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. मी फोनवर सगळ्यांना सांगायचो, घरातल्या घरात सहा मिनिटं चाला आणि आधी-नंतरचं सॅच्युरेशन लिहून ठेवा, तीनपेक्षा जास्त घसरलं तर लगेच कळवा. एका बाईंनी विचारलं होतं, "चालू कुठे? खाटेभोवती?" मला तेव्हा हसू आलं होतं. आज वाचताना नाही आलं.

परिचारिका ताई, मी ती नोंद केली, पण पुढे कुणाला कळवली नाही. यादीत शेऱ्याचा रकानाच नव्हता. आकडा भरायला जागा होती, तो ९५ भरला.

परिचारिका_ताई

असं होतं हो. पुढे काय झालं त्यांचं? ती कोरी ओळ?

पर्वतीपायथा

माहीत नाही. दुसऱ्या दिवशी मला वेगळा प्रभाग मिळाला.