समुद्रात भराव टाकून जमीन करणं टिकाऊ म्हणायचं का? (हाँगकाँग)

रंकाळ्याचा_वारा:
मंडळी, पोरीला कॉलेजात वादविवादाला विषय आलाय, हाँगकाँगच्या बंदरात भराव टाकून जमीन वाढवणं शाश्वत आहे का नाही. ती मला विचारतीय आणि माझा समुद्र गणपतीपुळ्याला सुरू होतो नि तिथंच संपतो. वाचलं त्यावरून एवढं कळलं की तिथं 75 लाख माणूस, निम्मं शिम्मं डोंगर नि जंगल, आणि साधारण चारातला एक जण भरावाच्या जमिनीवर राहतोय. आता एवढ्यांना डोक्यावर छप्पर मिळालं तर वाईट काय म्हणायचं? पण आपल्याकडं कोल्हापुरात पंचगंगेच्या पूररेषेत मुरमाचे डंपर रिकामे होताना दिसले की माझंच डोकं फिरतंय. मग तिथलं चांगलं नि इथलं वाईट, हे कसं काय? जाणकारांनी जरा सांगा.

मुरूम_खडी_सिमेंट:
दादा, नदी आणि समुद्र एका मापात घालू नका. पूररेषेत भराव टाकला की पुराच्या पाण्याची जागा गेली, ते पाणी शेजारच्या गल्लीत नाहीतर वरच्या गावात चढणार. 2019 ला राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटाच्या वर गेलं, धोक्याची पातळी 43 आहे, आणि शिरोलीजवळ हायवे बंद पडला तेव्हा तिथल्या रस्त्याच्या भरावावरनं किती बोंब झाली आठवतंय ना. समुद्रात तसा फुगवटा येत नाही. पण बंदर अरुंद झालं की भरती-ओहोटीचा प्रवाह बदलतो, गाळ नको तिथं बसतो, आणि बोटींच्या लाटा सरळ भिंतींवर आपटून परत आत येतात. म्हणजे फुकट तिथंही काही नाही.

दुसरं म्हणजे तळाचा चिखल. पूर्वी तो उपसून लांब टाकायचे आणि वर वाळू ओतायचे. आता चिखल जागेवरच ठेवून त्यात पाणी वर काढणारे उभे पट्टे खुपसतात, वर वजन चढवतात, मग पाणी पिळून निघतं, चक्क्याच्या फडक्यावर पाटा ठेवतो ना तसं. नाहीतर चिखलातच सिमेंट कालवून खांब करतात, हाँगकाँग विमानतळाच्या तिसऱ्या धावपट्टीला तेच केलंय. चिखल उपसायचा वाचला, पण सिमेंट किती लागलं असेल विचारा. आणि एवढं करूनही जमीन खचतेच. जपानचं कान्साई विमानतळ 1994 ला सुरू झालं, पहिलं बेट 10 मीटरच्या वर खाली गेलंय, 2018 च्या वादळात धावपट्टीवर पाणी. बांधून झालं म्हणजे सुटलो असं नसतंय, पुढं भिंती उंच करत बसा.

तालमीतला_पोरगा:
भराव टाकायला हाँगकाँग कशाला पायजे 😄 गांधी मैदान म्हणजे वरुणतीर्थ तळं, कपिलतीर्थ मार्केट म्हणजे कपिलतीर्थ तळं. पावसाळ्यात गांधी मैदानावर जाऊन बघा, पाण्याला पत्ता अजून पाठ आहे. पंधरा पंधरा दिवस चिखल, पोरं कडेला बॅटी घेऊन बसलेली.

पुण्यात_अडकलेली:
काका, पोरीला सांगा की हाँगकाँगची खरी गोष्ट कायद्यात आहे. तिथं 1997 ला बंदर वाचवायचा कायदा झाला, तेही लोकांनी मागं लागून. मग सरकारनं तरीपण बंदराकाठच्या वान चाय भागात भराव टाकायचं काम काढलं तर लोक कोर्टात गेले आणि 2004 च्या जानेवारीत तिथल्या सर्वोच्च कोर्टानं सांगितलं की गरज आत्ताची आणि टाळता न येणारी पाहिजे, दुसरा पर्याय नसला पाहिजे, आणि भराव कमीत कमी. हे सगळं सिद्ध कुणी करायचं? भराव टाकणाऱ्यानं! आपल्याकडं उलटं, नाल्यात भराव पडला की तक्रार करणाऱ्यानंच कागद गोळा करत हिंडायचं.

पण मेख अशी की तो कायदा व्हिक्टोरिया बंदरापुरताच. म्हणून नवीन मोठा प्लॅन त्याच्या बाहेर, लांताऊ बेटाच्या बाजूला, 1000 हेक्टरची बेटं, 2022 चा अंदाज 580 अब्ज हाँगकाँग डॉलर. आता पैशाची चणचण म्हणून मागं ठेवलंय, आधी चीनच्या हद्दीकडचं नवीन शहर. आणि जमीन विकून तिजोरी भरायची सवय असलेल्या सरकारला नवीन जमीन नको वाटेल का? मी तरी 'गरज' हा शब्द त्यांच्या तोंडून जपूनच ऐकते.

रंकाळ्याचा_वारा:
ताई, हे भारी. पण समोरची पार्टी विचारणारच की मग लोकांनी राहायचं कुठं? तिथं पिंजऱ्यासारख्या खोल्यांत माणसं राहतात म्हणे.

मुरूम_खडी_सिमेंट:
राहतात, खोटं नाही. एका फ्लॅटचे चार-पाच तुकडे करून भाड्यानं देतात. म्हणून भराव कधीच नको म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. जुनं काई ताक विमानतळ गजबजलेल्या वस्तीला खेटून होतं, विमानं गच्चीवरनं जायची, ते 1998 ला चेक लॅप कॉकला भरावावर हलवलं तेव्हा लाखो लोकांच्या कानाला आराम मिळाला, आणि जुन्या जागेवर आता घरं होतायत. हा भराव मी तरी पास करेन. पण हाँगकाँगच्याच उत्तरेकडच्या 'न्यू टेरिटरीज' भागात जुन्या शेतांवर कंटेनर रचलेत, भंगाराची यार्ड आहेत, ती जमीन आधी का नाही घेत, हे पोरीनं विचारायलाच पाहिजे. ती अनेक मालकांत वाटलेली, वाटाघाटी करा, मोबदला द्या. समुद्राला सातबारा नाही, म्हणून तो सोपा.

आणि वाळूचं विसरू नका. सिंगापूरनं भराव टाकत टाकत देश वाढवला, पण वाळू बाहेरनं, आणि इंडोनेशियानं 2007 ला निर्यात बंद केल्यावर धावपळ झाली. आपल्या हिशोबात हिरवं दिसतं, खड्डा दुसऱ्याच्या किनाऱ्यावर पडतो.

पुण्यात_अडकलेली:
आणि गुलाबी डॉल्फिन पण घाल म्हणावं, चिनी पांढरे डॉल्फिन म्हणतात त्यांना, लांताऊच्या पाण्यात होते तेवढे आता राहिले नाहीत. फक्त त्याच्यावरच भाषण नको, समोरचा लगेच "माणूस मोठा का मासा" म्हणून टाळ्या घेतो. 2004 चा निकाल आधी, डॉल्फिन शेवटी.

तालमीतला_पोरगा:
मासा नाही ताई, सस्तन प्राणी हाय तो. हेच उत्तर द्यायला सांगा पोरीला, टाळ्या आपल्याकडं.